ओझे मध्येच टेकवण्याबाबत

मी, घरसामान हलवण्याचा धंदा करणारा, वय एकसष्ट, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठणठणीत आहे. बिघाड हृदयात आहे. दोन्हींबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नीस. मुलाच्या गोड बोलण्याला भुलून तिने हयातीत काहीही कोणाच्या नावावर करू नये.

२. मुलास माझी मोटारसायकल. आधी ब्रेक दुरुस्त करून घ्यावा.

३. जिन्यात ओझे मध्ये टेकवायचे नाही, हा वडिलांच्या वेळेपासूनचा आमचा नियम मी याद्वारे रद्द करतो. थोरला भाऊ जिन्यात धापा टाकत थांबायचा. काका सगळ्यांदेखत म्हणायचे, "खायला काळ अन् भुईला भार!" एके दिवशी न थांबता त्याने कपाट तिसऱ्या मजल्यावर पोचवले आणि तिथेच कोसळला, तो उठलाच नाही. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. काकांनी आपले बोल कधीच मागे घेतले नाहीत. दुकानातला त्यांचा फोटो उतरवून भावाचा लावावा.

४. गेल्या वर्षी मला भोवळ आली, तेव्हा हा आजार कळला. हृदयाचा स्नायू जाड होतो. मी डॉक्टरीणबाईंना विचारले, "ओझी वाहून दंड भरतात, तसंच का हे?"

"नाही काका. हे घराण्यातून येतं. भिंत जाड झाली की आतली जागा कमी होते, रक्त बाहेर पडायची वाटही अरुंद होते. कधी ठोके एकदम बिघडतात."

अरुंद दारातून कपाटे काढण्यात माझा जन्म गेला, मला लगेच उमगले. भाऊ कामचुकार नव्हता हेही उमगले, आणि मी तिथेच रडलो.

हा आजार प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. मुलाने तपासून घेतले, त्याच्यात दोष निघाला नाही. मुलगी टाळत होती. वेळेत कळले तर गोळ्या आहेत, गरज पडल्यास छातीत बसवायचे यंत्र आहे, हे तिला सांगून माझी जीभ झिजली.

५. ट्रक, दोर, पट्टे व सगळा धंदा मुलीस. तपासणी केली तरच, अशी अट मी आधी घातली होती. वाचून दाखवताच ती भडकली. "बाबा, निघालं तर मी काय करू? दुसऱ्यांनी उचललेली कपाटं बघत बसू?" तिचे दुःख मला कळते. धंद्याला जीव लावणारी घरात ती एकटीच. अट खोडली आहे. निकाल काहीही लागो, ट्रक तिचाच. ओझी उचलायला माणसे ठेवता येतात.

नंतर ती आपणहून म्हणाली, "जाते. पण आत एकटी जाणार. डॉक्टर काय म्हणतात ते आधी मी ऐकणार."

कबूल. सोमवारी ती आत असेल तेव्हा मी दाराबाहेर बाकावर बसेन. त्याआधी माझे काही बरेवाईट झाल्यास तिथे तिच्या आईने बसावे, आणि मुलगी बाहेर आल्यावर ती स्वतः बोलेपर्यंत काहीही विचारू नये.

वरील मजकूर मीच लिहिला, मीच वाचला, आणि दोघांच्या डोळ्यांदेखत खाली सही केली.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार: हृदयाच्या डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार: शेजारचे कुलूपवाले (सही)
स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: चौदा जून, शनिवार