चाकाखालचा दगड

४ मार्च

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. शोरूमने तुला फिरवायला गाडी दिली, चारी चाकांना डिस्क ब्रेक, वाचून बरं वाटलं आणि काळजीही लागली. मी चौतीस वर्षं बस चालवली ती ड्रमवर. ड्रम म्हणजे डबा, आतून पट्टे दाबतात. लांब उतारावर तापला की बस ऐकत नाही. डिस्क म्हणजे उघडी ताटली, दोन्हीकडून चिमटा. लवकर निवते. तुझी डिस्क सरस, कबूल.

पण एक ऐक. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढला तर डबा निवताना आकसून पट्ट्यांवर आणखी घट्ट बसतो. ताटलीचं उलट. ती निवली की बारीक होते, चिमटा सैल पडतो आणि उभी गाडी चालू लागते. म्हणून उतारावर गाडी गिअरमध्ये ठेव, चाकाखाली दगड लाव. रविवारी ठकीला बघायला येतोय, दगड मीच आणतो. नात बघून सहा महिने झाले.

लोभ कमी झाला असल्यास कळवावे. वाढला असल्यास राहू दे, सवय नाही.

तुझे बाबा

७ मार्च

ती. बाबांस सा. न.

मी रोज दहा गिऱ्हाइकांना ब्रेक समजावून गाड्या विकतो, आणि चौथी पास माणूस मला ताटली-चिमटा शिकवतो. आई म्हणायची तेच खरं, तुमच्या बसला ब्रेक नव्हतेच, तुमची भीतीच पुरायची. दगड आणू नका. लोक मला हमाल समजतील. रविवारी तुम्हाला याच गाडीतून टेकडीवरून खाली घरी आणतो, मग बोला.

लोभ आहे, सल्ला नको.

बाबू

१५ मार्च

ती. बाबांस सा. न.

खालच्या घरातल्या शिवणवालीचा पाय दोन ठिकाणी मोडला आहे. आपण चहा घेत असताना गाडी गल्लीतून घरंगळली आणि तिला भिंतीशी दाबलं, हे तुम्ही पाहिलंच. आता शोरूमचे साहेब विचारतात, हँडब्रेक कोणी ओढला. माझं नाव आलं तर नोकरी जाते. तुमचं आलं तर काहीच जात नाही. सोबतच्या कागदावर सही करा, की गाडी तुम्ही लावली आणि ब्रेक नीट ओढल्याचं आठवत नाही. सुट्टीत महिनाभर या, ठकीला सांभाळा.

लोभ असेलच, तर तो या कागदावर दिसावा.

बाबू

१८ मार्च

चि. बाबूस आशीर्वाद.

सही करून कागद पाठवला आहे. चौतीस वर्षांत माझ्या चाकाखाली कोंबडीसुद्धा आली नाही, तरी केली. गाडी तू आणलीस, तापलेल्या ताटल्यांवर ब्रेक ओढून गिअर न टाकता गाडीतून उतरलास. दगड माझ्या पिशवीत होता. सूनबाईंसमोर तू हसलास म्हणून मी तो काढला नाही. एवढी चूक माझी खरीच. त्या बाईचं मशीन पायाचं आहे रे, तिचं कसं चालेल ते बघ.

ठकीला सांग, आजोबा सुट्टीत येतात. कपडे आजच धुतले. पिशवी तिथेच राहिली, ती जपून ठेव.

लोभ ठेव, मागून घेतोय असं समज.

तुझे बाबा

२ एप्रिल

ती. बाबांस सा. न.

कागद पोचला, साहेबांचं समाधान झालं. शिवणवाली भावाकडे गेली, खोली रिकामी झाली.

तुमचा कागद हिनेही वाचला. ज्या माणसाला ब्रेक ओढल्याचं आठवत नाही, त्याच्याकडे पोर सोपवायला ती तयार नाही. सही तुमचीच, मी काय बोलणार. सुट्टीत येऊ नका. ठकी रोज विचारते, तिला आजोबा विसराळू झाले असं सांगितलं आहे.

पिशवी गाडीवाल्याबरोबर पाठवतो. दगड ठेवून घेतला. हल्ली उतारावर गाडी लावली की चाकाखाली लावतो. साहेबांनी परवा पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, माणूस असावा तर असा जपून वागणारा.

लोभ आहे तिथूनच असू द्यावा.

बाबू