राजाबाईची फणी आणि न बसवलेली खिट्टी

मी, म्हाळसाबाई मुंजाबा शिंगाडे, वय वर्षं चौपन्न, धंदा लेथ आणि वेल्डिंग, राहणार वाळूज, तालुका गंगापूर, जिल्हा छत्रपती संभाजीनगर, हे माझ्या हातानं लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. कोणी भरीला घातलेलं नाही, कोणाचा धाक नाही. शिक्षण चौथीपर्यंत, म्हणून अक्षर मोठं आहे आणि कागद जास्त लागलेत. पुढच्या मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. मी म्हणाले, घाबरत नाही, पण कागद करून येते. याआधी मी असा कागद केलेला नाही. हाच पहिला आणि हाच शेवटचा धरावा.

सुरुवात कशी करायची ते तहसीलसमोर बसणारे अर्जनवीस आप्पासाहेब यांनी सांगितलं. पुढचं वाचून ते म्हणाले, "बाई, कोणाला काय द्यायचं तेवढंच लिहितात. हे असलं लिहीत नसतात." मी म्हणाले, "मला द्यायचंय ते हेच आहे." मग त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि चहा सांगितला.

कलम एक. घर. पत्र्याच्या दोन खोल्या आणि मागची मोरी. माझे मालक मुंजाबा वारल्यावर माझ्या नावावर झालं. मला मूलबाळ नाही. घर माझे दीर भिकन यांना द्यावं. भिकननं आमची शेवटची सतरा मेंढरं मालकांना न विचारता बाजारात विकली होती. तो राग मी वीस वर्षं धरला. या कागदानं तो संपला असं समजावं. मी पुढं जे केलं त्याच्यासमोर सतरा मेंढरं काहीच नाहीत.

कलम दोन. बँकेत जे असेल ते दवाखान्यात जाईल. उरलं तर माझ्या दहाव्याला लावू नये, शेडचे पत्रे गळतात त्यांना लावावं.

कलम तीन. शेजारी कारभारी यांनी बारा वर्षांमागं ड्रिलचा बिट पकडायचा चक नेला, दोन दिवसांत आणतो म्हणून. तो त्यांच्याकडून आणावा. नाही म्हणाले तर हे कलम त्यांच्या बायकोपुढं वाचावं.

कलम चार. आता शेड आणि पाण्याच्या जोराचं यंत्र. यासाठीच हा कागद आहे.

मालक वाळूजच्या कंपनीत लेथवर होते. कंपनीनं काढल्यावर घरामागं शेड टाकली. मालकांनी मला लेथ शिकवला, भिकनची बायको राजाबाई हिला वेल्डिंग शिकवलं. राजाबाई माझी धाकटी जाऊ. शाळेची पायरी चढलेली नाही. आमचं दोघींचं माहेर मेंढरांमागचं. तिचा हात लोकरीत माझ्यापेक्षा चांगला, आणि वेल्डिंगमध्येही चांगला. हे मी पहिल्यांदाच लिहिते. तोंडानं कधी म्हणाले नव्हते.

नाथसागरावर मासे धरणारे कडूबा सांडू लिंबोरे एकदा होडीचं वाकलेलं इंजिन घेऊन आले. होडीच्या मागं टांगतात ते इंजिन. त्याचा पंखा पाण्यात उघडा असतो. जलपर्णी गुंडाळते, जाळं गुंडाळतं, पंखा मोडतो, माणूस मधोमध अडकतो. मालक म्हणाले, पंखा डब्यात घालू. खालून पाणी ओढायचं, मागच्या निमुळत्या तोंडातून जोरानं फेकायचं, त्या जोरावर होडी पुढं जाईल. अशी यंत्रं बाहेरून मिळतात, पण ती स्वच्छ पाण्याची. आमच्या पाण्यात त्यांचं तोंड तासाभरात बुजतं.

पहिलं यंत्र कासवासारखं चाललं. पंखा आणि डबा यांच्यातली फट जास्त होती, पाणी मागं जायच्या ऐवजी आतच घुमायचं. मालकांनी फट विडीच्या पानाच्या जाडीइतकी केली. वाळूनं ती महिन्यात वाढली, तर आतून बदलता येईल असा पितळी पत्रा बसवला. एवढं करून मालक वारले. राहिली पाणी ओढणाऱ्या खालच्या तोंडाची जाळी. दोन वर्षं मी तिच्याशी डोकं फोडलं. बारीक केली तर पाणी येईना, मोठी केली तर जलपर्णी आत.

एक दिवस राजाबाई जाळीतला गुंता उपसत होती. म्हणाली, "आक्का, हे दात दोन्हीकडून डांबलेत म्हणून गुंता निघंना. लोकर विंचरायच्या फणीला एक कड मोकळी असती. गुंता सरकत सरकत टोकाला येतो अन् सुटतो."

मी म्हणाले, "ही होडी हाय, मेंढरू नाय."

"पाण्याला काय म्हायती," ती म्हणाली. "त्याला गुंता तो गुंताच."

तिनं जाळीच्या दातांची मागची बाजू मोकळी सोडली. वर दुसरी फणी बिजागरीवर बसवली, तिचे दात पहिल्या दातांच्या मधून खाली उतरायचे आणि अडकलेलं ढकलून द्यायचे. होडीत बसून दांडी ओढली की फणी उघडायची, सोडली की स्प्रिंगनं मिटायची. नाथसागरावर पहिल्या दिवशी आम्ही जलपर्णीतून आरपार गेलो. कडूबांनी फक्त एवढंच विचारलं, "मला कवा देता?"

कलम पाच. माझा पहिला गुन्हा. शहरातल्या एका कॉलेजात यंत्रांचं प्रदर्शन होतं. त्याआधी मच्छीमारांच्या होड्यांना सहा यंत्रं लावून दाखवायची होती. राजाबाई म्हणाली, स्प्रिंग लई कडक हाय, साफ करताना फणी उघडी धरायला खिट्टी पाहिजे. तिनं खिट्टी घालायला दांडीच्या पट्टीला दहा एमएमचं भोक पाडलंसुद्धा. खिट्ट्या करायला आणखी दोन दिवस लागले असते. मी म्हणाले, "खिट्टी पुढच्या खेपेला. लई शहाणपणा नको." भोकं तशीच राहिली आणि यंत्रं गेली.

प्रदर्शनात एका साहेबांनी विचारलं, "ही फणीची कल्पना कोणाची?" राजाबाई माझ्यामागं दोन पावलांवर पोत्यात गुंडाळलेलं यंत्र धरून उभी होती. मी म्हणाले, "माझी." मला विचार करायला वेळ लागला नाही. तोंडातून असं निघालं जसं खरंच होतं. मला शील्ड दिली, फोटो काढला. फोटोत राजाबाईचं कोपर आहे.

रिक्षातून वाळूजला उतरताना ती म्हणाली, "आक्का, जड हाय का ती?"

मी म्हणाले, "लाकडाचीच हाय."

कलम सहा. माझा दुसरा गुन्हा, पहिल्यापेक्षा मोठा. त्यानंतर सव्वा महिन्यानं कडूबांनी घाटावर इंजिन बंद केलं, वर उचललं, दांडीला दोरी बांधून फणी उघडी ठेवली आणि अडकलेलं जाळं हातानं काढायला गेले. ओली दोरी सुटली. फणी मिटली, जशी मेंढराची कातर मिटते तशी. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

आम्ही दोघी घाटावर पोचलो तेव्हा वीसबावीस माणसं होती. कडूबांचा भाऊ ओरडला, "हे केलं कुणी?" त्या दिवशी शील्ड माझी होती, वर्तमानपत्रातलं नाव माझं होतं, शेडवरची पाटी माझी होती. मी म्हणाले, "फणी राजाबाईची. वेल्डिंग तिचं. मी त्यात नव्हते."

राजाबाईनं माझ्याकडं पाहिलं. कोणीतरी तिला ढकललं, ती घाटाच्या पायरीवर पडली. मी उचलायला वाकले नाही. ती स्वतः उठली, पदर झटकला आणि रस्त्याला लागली. महिन्याभरात ती आणि भिकन बिडकीनला राहायला गेले. ती तिथं एका कंपनीच्या कँटीनात भांडी घासते. जी बाई पाण्याला विंचरायला शिकवते ती चार वर्षं भांडी घासते आहे, आणि ते माझ्यामुळं. मला हे लिहिताना कागदावरून मान वर करून बघवत नाही.

आणखी एक. दुसऱ्या दिवशी मी बाकीच्या पाच होड्यांवर जाऊन गुपचूप खिट्ट्या बसवून आले. म्हणजे चूक कोणाची ते मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं कोणी माझ्या बाजूनं म्हणू नये.

कलम सात. म्हणून शेड, लेथ, वेल्डिंगचा संच, पंख्याचे आणि फणीचे सगळे फर्मे, आणि कारभारींकडून आला तर चक, हे सगळं राजाबाई भिकन शिंगाडे हिचं. भिकनचं नाही, तिचं. शेडवरची पाटी उतरवून तिच्या नावाची लावावी. शील्डवरचं माझं नाव मी कानस मारून काढलं आहे. जागा मोकळी आहे, तिथं काय कोरायचं ते तिनं ठरवावं, नाहीतर चुलीत घालावी, लाकडाचीच आहे.

कलम आठ. मी मेल्यावर कलम पाच आणि सहा घाटावर, माणसं जमवून, मोठ्यानं वाचावीत. वाचायचं काम आप्पासाहेबांचं. हे मी जिवंत असताना मला जमलं नाही. बाई तोंडाची फटकळ म्हणून मला सगळे ओळखतात, पण हे एक वाक्य चार वर्षं माझ्या तोंडातून निघालेलं नाही.

कलम नऊ. कडूबांना शेडमधलं नवं यंत्र द्यायचं मनात होतं. साक्षीदाराला काही द्यायचं नसतं असं आप्पासाहेब म्हणाले, म्हणून यंत्र की साक्ष ते विचारायला मी कडूबांच्या घरी गेले आणि हा कागद त्यांना वाचून दाखवला. दुसऱ्या माणसापुढं मोठ्यानं पहिल्यांदाच. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला ठावं हाय."

मी म्हणाले, "कसं?"

"राजाबाई आली व्हती त्याच आठवड्यात. माझ्या बायकोला भाकरी करू लागली आठ दिवस. मी म्हन्लं, तुझी चूक का? तिनं काहीच म्हन्लं नाय. मग मीच यंत्र तपासलं. भोक व्हतं, खिट्टी नव्हती. भोक पाडणारी बाई खिट्टी इसरत नसती."

"मग बोलला का नाय?"

"तिनंच हात जोडले. म्हन्ली, शेड बंद पडंल, आक्का एकटी हाय."

मी कागदाची घडी घातली. मग ते म्हणाले, "यंत्र मला नको. साक्ष देतो. पण इथं नाय. आधी बिडकीनला चल, म्हाळसाबाई. ज्याचं हाय त्याला मेल्यावर वाचून दाखवायचं, ही कुठली रीत?"

म्हणून कलम आठ रद्द समजावं. घाटावर येत्या रविवारी मी स्वतः वाचणार आहे.

पुरवणी. आज हा सबंध कागद मी, कडूबा आणि आप्पासाहेब बरोबर असताना, राजाबाईला तिच्या दारात वाचून दाखवला. तिनं हातातलं तांदूळ पाखडायचं सूप खाली ठेवलं नाही. मी थांबले तेव्हा म्हणाली, "आक्का, भोक आठचं हाय. दहा लिहिलंस. दहाची खिट्टी जाईल का त्यात? आधी ते दुरुस्त कर." मग आत गेली. थोड्या वेळानं चार कप चहा बाहेर आला.

तरी कलम पाचमध्ये "दहा एमएम" असं लिहिलं आहे ते "आठ एमएम" असं वाचावं. ही दुरुस्ती राजाबाईनं सांगितली आणि ती बरोबर आहे. फणी आणि खिट्टी, दोन्ही तिची.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, मला मान्य आहे, आणि साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करते.

लिहून देणार:
म्हाळसाबाई मुंजाबा शिंगाडे (सही)

साक्षीदार:
१. कडूबा सांडू लिंबोरे. सही उजव्या हाताची, उरलेल्या बोटांनी. अंगठा चालला असता असं आप्पासाहेब म्हणाले, पण कडूबांनी सहीच केली.
२. आप्पासाहेब, अर्जनवीस (सही)

ठिकाण: मौजे बिडकीन, तालुका पैठण, राजाबाईचा ओटा
दिनांक: १३ नोव्हेंबर २०२४, बुधवार