मागच्या चाकाचा आवाज

१२ नोव्हेंबर २००६, रविवार

बदलापूरहून परत येताना नरेंद्रनी गाडी एकदम कडेला घेतली. "शीला, ऐकलंस? मागून घूं घूं येतंय."

ऐकलं होतं. केव्हाचं. बोलले नव्हते, इतकंच. हार्मोनियमच्या खालच्या सुरासारखा आवाज – वेग वाढला की चढणारा.

घरी येऊन पाहिलं तर मागच्या डाव्या चाकाच्या आतून तेलाचा काळा ओघळ.

पुण्याला महेंद्रला फोन केला. त्याचं एकच – "विका आता, बाबा." नरेंद्र म्हणाले, "आवाज गेला तर ठेवू. नाही गेला तर विकू. या वयात तुझ्या आईला हायवेवर उभी करायची नाही मला."

जेवण गेलं नाही. महेंद्र शाळेत जायला लागला त्या वर्षी घेतलेली आमची पद्मिनी!

१५ नोव्हेंबर

कॅम्प पाचला लच्छूचं गॅरेज. गाडी पहिल्यापासून त्याच्याच हातात. नरेंद्र पुढे बसायला गेले, तर मला म्हणतो, "भाभी, तुम पीछे बैठो. भाई का कान इंजिनमध्येच असतो."

तो चालवत होता. उजवीकडे वळलं की आवाज चढायचा, डावीकडे वळलं की बसायचा. मी तसं सांगितलं.

"बस! डाव्या चाकाचं बेअरिंग. वजन त्या बाजूला पडलं की रडतं." तिथलं ऑइल सीलही गेलेलं. "ब्रेक तेल पिऊन बसलेत, भाभी. वाचलात."

शाळेत सिस्टर ॲग्नेस गाण्याच्या तासाला आम्हाला डोळे मिटून बसवायच्या. आधी ऐका, मग तोंड उघडा. आज मागच्या सीटवर तशीच बसले होते. किती वर्षांनी कुणी माझ्या कानाला काम दिलं.

१९ नोव्हेंबर, रविवार

नवं बेअरिंग, नवं सील. अंबरनाथला शिवमंदिरापर्यंत जाऊन आलो, मी पुन्हा मागच्याच सीटवर. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. इतकी खूश होते.

"आहे. तसाच आहे," नरेंद्र म्हणाले. मग आरशातून माझ्याकडे पाहिलं. "तुला येतोय ना?"

म्हणजे माझेच कान गेले? अख्ख्या वर्गात एक बेसूर आवाज ओळखून काढणारी मी!

"हो," म्हटलं. "बारीक."

२३ नोव्हेंबर

गाडीखाली पुन्हा तेल.

२५ नोव्हेंबर

लच्छूला कारण सापडलं. मागच्या ॲक्सलला हवा जायला एक बारीक तोटी असते, ती चिखलाने बुजली होती. आत हवा कोंडली की तेल सीलमधून बाहेर. "गाडीचं नाक बंद होतं, दुसरं काय," म्हणून हसत सुटला. तोटी साफ केली, पुन्हा सील बदललं, तेल भरलं.

मग मागची चाकं जॅकवर उचलून फिरवली. स्क्रूड्रायव्हर ॲक्सलला लावून त्याची मूठ कानाशी धरली. "नरेंद्रभाई, मख्खन."

"तुला नाही कळत. शीलाला विचार."

दोघं माझ्याकडे पाहत राहिले. "येतो," म्हटलं.

लच्छूने ॲक्सल उघडला. आतल्या एकेका दात्यावरून बोट फिरवून पाहिलं. कुठे ओरखडा नाही. "भाभी, तुम बोली इसलिए खोला," एवढंच म्हणाला.

२८ नोव्हेंबर

सासूबाईंची आठवण येतेय. त्यांना याच गाडीतून नागपूरला नेलं होतं, दीक्षाभूमीवर. पुढच्या सीटवर पांढरं लुगडं नेसून, दोन्ही हातांनी डॅशबोर्ड घट्ट धरून बसलेल्या गयाबाई! "नरू, हळू रे, बाबासाहेब काय पळून चाललेत?" मागे मी, मांडीवर झोपलेला महेंद्र, आणि भाकऱ्यांचा डबा. वाटेत एका वडाखाली थांबलो तर त्यांनी आधी गाडीच्या टपावर पाणी ओतलं, मग स्वतः प्यायल्या. म्हणाल्या, दमली असेल.

३ डिसेंबर, रविवार

गाडी दिली.

बदलापूरचा भगवंत म्हणून मुलगा, रोपांची नर्सरी आहे त्याची. चालवून आला. "काकी, गाडी तर गप्प आहे हो."

नरेंद्रनी त्याला आवाजाचं सगळं सांगितलं. लपवणं त्यांना कधी जमलंच नाही. तो ऐकून घेत होता, मान हलवत होता, पण त्याचं लक्ष किल्लीवर.

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत नरेंद्र फाटकाशी उभे होते. आत आले ते थेट आंघोळीला गेले.

५ डिसेंबर

सकाळी गॅलरीत चहा पीत होतो. नरेंद्रनी कप खाली ठेवला. "भगवंत गाडी परत घेऊन आला वाटतं. ऐक, तोच आवाज."

वाकून पाहिलं. गल्लीत काही नव्हतं. गाडी नाही, रिक्षा नाही.

"येतोय ना तुला?"

त्यांचा हात हातात घेतला. "नाही येत," म्हटलं. "मला तेव्हाही येत नव्हता."