गाडी उभी असताना थरथरते

३ मार्च, मंगळवार
गाडी चालताना ठणठणीत. सिग्नलला थांबली की हीव भरल्यासारखी थरथरते. आज आरसा इतका हलत होता की मागे एकच बस असून मला दोन दिसल्या. बायको म्हणाली, गॅरेजला दाखवा. मी उभा जन्म ऑफिसात तक्रार विभाग सांभाळतोय. माझ्या गाडीची तक्रार बाहेरच्याने सोडवायची म्हणजे खुर्चीचा अपमान. तक्रारीच्या मुळाशी जायचं असतं. मूळ मीच शोधणार.
लेकीची पहिली नोकरी सोमवारपासून, परगावी. रविवारी सकाळी तिला सामानासकट मीच सोडणार, हा शब्द दिलाय. वेळ भरपूर आहे.

४ मार्च, बुधवार
ऑफिसातून लवकर निघालो. पोटात दुखतंय असं साहेबांना सांगितलं. वाटेत खरंच थोडं दुखलं, त्यामुळे खोटं बोललो असं म्हणता येणार नाही.
व्हिडिओ पाहिले. ठिणगी पाडणारे प्लग जुने झाले की इंजिन मिसिंग करतं, म्हणजे मध्येच ठोका चुकवतं. नवे प्लग आणले. खालच्या मजल्यावरच्या पेन्शनर काकांकडून पाना आणला. पान्याबरोबर काकाही आले.
प्लग बसवले. कुठली वायर कुठल्या प्लगची हे लक्षात ठेवायचं राहिलं, पण अंदाजाने लावल्या. चावी फिरवताच सायलेन्सरमधून तोफ उडाली. काका भिंतीला टेकून बसले. निष्कर्ष: ठिणगी जोरदार आहे. प्लगचा प्रश्न मिटला.
वायरी नंतर काकांनी बदलून दिल्या. थरथर तशीच.

५ मार्च, गुरुवार, संध्याकाळ
आज हवेचा मार्ग. इंजिनात हवा जिथून शिरते तिथली झडप काजळीने भरली होती. घासून लख्ख केली. ब्रश लेकीचा होता, हे तिनेच येऊन सांगितलं. तो सामानात भरायचा होता म्हणे. नवीन आणून देईन.
थरथर कमी. मात्र आता गाडी न्यूट्रलला उभी असतानाही चढ चढल्यासारखी ओरडते. बायको गॅलरीतून म्हणाली, आधी नुसती हलत होती. तिला प्रगतीचे टप्पे कळत नाहीत.
मेहुण्याचा फोन. रविवारी माझी गाडी घेऊन जा म्हणाला. याला वाटतं तरी काय. फोन कट झाला, असं नंतर बायकोला सांगितलं.

६ मार्च, शुक्रवार
ओरडणं थांबलं, आपोआप. थरथर परत आली. ओळखीची वाटली, बरं वाटलं.
आजचा बेत: कुठून तरी चोरून हवा आत शिरत असणार. इंजिन चालू ठेवून पाइपांवर साबणाचं पाणी फवारायचं. जिथे भोक बुजेल तिथे इंजिन शांत होईल. लेक स्वतःहून खाली आली आणि दार उघडं ठेवून माझ्या सीटवर बसली. चालू-बंद करायचं काम तिच्याकडे दिलं.
काम मंदच झालं. ती तिकडच्या खोलीबद्दल बोलत होती. खिडकी आहे, पण भिंतीसमोर उघडते. एकटीला जेवण बनवून खावंसं वाटेल का, असं विचारत होती. मी म्हटलं, वाटेल. मग बराच वेळ एकाच पाइपावर फवारत राहिलो. ती म्हणाली, बाबा, तिथे फवारलं की गाडी गप्प होते. मी म्हटलं, योगायोग. जा, बॅगा भर. ती गेली.
एकट्याने पुढे तपासलं. काही सापडलं नाही. साबण संपला.

७ मार्च, शनिवार
बायकोने मेहुण्याला फोन लावायला घेतला. मी दुपारपर्यंतची मुदत मागितली.
सहज म्हणून त्याच पाइपावर अंगठा दाबला. इंजिन शांत. अंगठा काढला, थरथर. रबरी पाइप खालच्या अंगाने चिरला होता. पद्धतशीर तपासाचं फळ. लेकीची मदत झाली, नाही असं नाही.
नवा पाइप बोटभर. दुकानदाराने तो पुडीत बांधून दिला. बसवला आणि सगळ्यांना खाली बोलावलं. बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला, पाणी हललं नाही. काकांनी हात मिळवला. बायको म्हणाली, एवढंच होतं तर मंगळवारीच का नाही झालं. मी पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं. थोर माणसांना तहान लागतेच.

८ मार्च, रविवार, दुपार
लेकीला सोडलं. खोली लहान आहे. खिडकीसमोर खरंच भिंत. निघताना ती फाटकापर्यंत आली, गाडी मस्त झाली म्हणाली आणि आत गेली. वळून पाहील असं वाटलं होतं. कामं असतील.
परतताना बायको शेजारी होती. पहिल्याच सिग्नलला थांबलो. मागची सीट रिकामी. गाडीत कसलाच आवाज नाही. बंद पडली असं वाटून मी चावी फिरवली.
गाडी चालूच होती. करवतीने लोखंड कापावं असा आवाज आला. घाबरून बंद केली. नंतर इंजिनला पहिला झटका देणारा स्टार्टर नुसता गरगरला, त्याचे दाते तुटले असणार, इंजिन काही फिरेना. मागच्यांनी हॉर्न वाजवले, मग दोघांनी उतरून ढकलायला मदत केली.
आता आम्ही टोइंगच्या ट्रकमध्ये, ड्रायव्हरशेजारी. काय झालं, असं त्याने विचारलं. गाडी फारच छान चालत होती, असं मी सांगितलं. त्याने बायकोकडे पाहिलं. ती हो म्हणाली.