गोष्टीचा वेग

अगं,

कामावर निघालोय. ठमीला तुझ्या ताईकडे सोडलंय, संध्याकाळी तीच आणून सोडेल. रात्रीच्या ड्युटीवरून आलीस की आधी झोप काढ.

एक सांगायचंय. तोंडावर सांगायची हिंमत होत नाही, म्हणून लिहितोय. काल तू ठमीला मांडीवर घेऊन गोष्ट सांगायला बसलीस आणि ती म्हणाली, "आई, अशी हळूहळू का बोलतेस? तुला बरं नाहीये का?" तू हसलीस खरी, पण नंतर कितीतरी वेळ नळ सोडून तेच पातेलं घासत होतीस.

पोरीची काही चूक नाही. तू घरी नसताना तिला ऐकवायला म्हणून ज्या गोष्टी फोनवर रेकॉर्ड करून ठेवल्यास ना, त्या मी महिनाभर दीडपट वेगाने लावतोय. गोष्ट लवकर संपावी, तिने झोपावं आणि मी सुटावं, म्हणून. तिला तोच तुझा गोष्ट सांगतानाचा खरा आवाज वाटायला लागला.

आज तिची वेणी घालताना मी छत्री हरवलेल्या अस्वलाची गोष्ट नीट, तुझ्या वेगाने लावली. मीही पहिल्यांदाच धड ऐकली. मध्येच तू विचारतेस, "कुठे असेल गं छत्री?" आणि चांगली थांबतेस. इतके दिवस ठमीने तोंड उघडायच्या आत तू पुढे गेलेली असायचीस.

आज ती म्हणाली, "झाडावर!" आणि लगेच तुझा आवाज आला, "शाब्बास!"

अर्धी वेणी सोडून ती गर्रकन वळली. "बाबा, आईला ऐकू आलं!"