पाच ते साडेपाच, माइक चालू

२ जानेवारी, सकाळी ७

नवी वही. मुद्दाम देवनागरीत लिहितो आहे. घरात ती फक्त मला येते. जयलक्ष्मी आपलं मराठी तमिळ अक्षरांत लिहिते आणि अखिला नुसतं बोलते. तेव्हा नवरा-बाप म्हणून जे बोलता येत नाही ते इथे बिनधास्त.

२६ तारखेला इथून जवळच्याच तिरुवैयारूचे लोक अखिलाला बघायला येणार. मुलगा प्रणवेश, आपल्यातलाच, तंजावूर मराठी, कोयंबतूरला इंजिनिअर. दोन-चार फोन झाले आणि अखिलाला तो आवडला. आधी चार ठिकाणं झाली. चारही वेळा मी थोडंसं बोललो आणि पुढे काही झालं नाही. योगायोग. काल अखिला म्हणाली, "अप्पा, ह्या वेळीं ज्यास्ति बोलूं नका. मज हा मुलगा खरंच आवडला." शब्द दिला.

संकल्प: बोलायचं नाही, करून दाखवायचं. प्रणवेश फोनवर ‘फिस्ट नगर’ नावाचा मारामारीचा ऑनलाइन गेम खेळतो, असं अखिलाकडून कळलं. त्याला सगळ्यांदेखत हरवायचं. मुलीकडचे म्हणून वाकायचं नाही.

३ जानेवारी, संध्या. ५.४०

डाउनलोड केला. नाव घेतलं ‘तंजावूर टायगर’. आमचे खापरपणजोबा राजवाड्याच्या तालमीत वस्ताद होते. रक्तातच आहे.

सात मॅच, सात हार. स्क्रीनगार्डवर बोट घसरतं.

४ जानेवारी

स्क्रीनगार्ड काढला. नऊ हार.

बेसिक कॉम्बो असा: खालून लाथ, ठोसा, ठोसा, मग वर उचलून हवेत गुद्दा. चार बटणं, एका सेकंदात. मला लाथ उत्तम जमते.

६ जानेवारी

ऑफिसात फाइलवर बोटांचा सराव. साहेबांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना. म्हटलं, आहे.

‘जवळचे खेळाडू’ या यादीत एक ‘S7’ सापडला. मला अकरा सेकंदांत झोपवलं आणि स्वतःच पुन्हा बोलावलं. नियम दिसतो: पाचला येतो, साडेपाचला पसार. ट्यूशनला जाणारा कोणी तमिळ पोरगा असणार. तोंडातून अवाक्षर नाही.

दोन्हीकडे माइक चालू असतो म्हणे. असू दे. मी मराठीत बोलतो. मार्केटात जयलक्ष्मी आणि मी भाजीवाल्यासमोर उभं राहून त्याच्या वांग्यांना नावं ठेवतो आणि तो हसून वर कढीपत्ता देतो. तंजावुरात आपली भाषा म्हणजे कडी लावलेली खोली.

१० जानेवारी

S7 कडून सहा वेळा हार. गुद्दा चुकला की तोंड सुटतं. आज तिरुवैयारूवाल्यांचा उद्धार केला. मुलाचे कान, मुलाच्या अम्माची वीणेची शिकवणी. चार पोरांना तारा छेडायला शिकवतात आणि थाट राजगायिकेचा. बोलून बरं वाटलं. घरी मात्र चकार शब्द नाही. अखिला खूश. म्हणाली, अप्पा बदलले.

१८ जानेवारी

चार दिवस S7 गायब. घाबरला. एरवी मी जिंकलोच असतो, पण तिरुवैयारूला आराधनेचा संगीतोत्सव, बसगाड्यांना गर्दी, घरी यायला उशीर. सराव बुडाला.

१९ जानेवारी

S7 परत. हात आणखी जलद. मागे कुठे तरी वीणेची तार वाजली. बिचाऱ्याच्या शेजारी क्लास असणार. अशा गोंगाटात पोरं अभ्यास कसा करतात कोण जाणे.

२२ जानेवारी, संध्या. ५.३५

विजय! पहिला!

तीन हारी झाल्या होत्या. डोकं फिरलं आणि बोलत सुटलो. अखिलाचंच काढलं. म्हटलं, तीस गाठलं, तोंड फटकळ, रसम सोडून काही येत नाही, चौघांनी नाकारलेली. तिरुवैयारूवाले भोळे दिसतात, एकदा गळ्यात पडली की मी सुटलो. आणि बोलता बोलता काय झालं, तर S7 जागच्या जागी उभा राहिला. हलेना. मी लाथ घातली, ठोसा, ठोसा, उचलला, हवेत गुद्दा. चारही बटणं बरोबर! संपूर्ण कॉम्बो!

सरावाचं फळ. खापरपणजोबा असते तर पाठ थोपटली असती.

२६ जानेवारी, दुपार

लिहावंसं वाटत नाही.

आले. प्रणवेश, त्याची अम्मा सरोजा आणि एक काका. सोज्जी-बज्जी खाऊन झाली. मी शब्द पाळला, गप्प बसलो. मग फोन काढून प्रणवेशला म्हटलं, एक डाव होऊन जाऊ दे. तो हसला. म्हणाला, मी कधीच सोडला, आता अम्माच खेळतात, क्लासच्या आधी अर्धा तास, बोटं मोकळी व्हायला.

मला आधी काही कळलंच नाही. मग सरोजाबाईंच्या मांडीवर बटणं दाबल्यासारख्या हलणाऱ्या बोटांकडे लक्ष गेलं. नंतर सगळं एकदम कळलं. कान, थाट, भोळे, सगळं.

सरोजाबाई उठल्या. मला वाटलं, पाचवं ठिकाणही गेलं. अखिला ताट घेऊन दारात उभी होती. त्यांनी तिचा हात धरला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मुलगी आम्हांस पसंत आहे, बाळकृष्णराव. तुम्ही सांगट्लांत तशी ती मुळींच नाही."

२७ जानेवारी, सकाळ

अखिलाने विचारलं, "अप्पा, तुम्ही त्यांस माझ्याविषयीं काय सांगट्लांत?"

म्हटलं, काही नाही, गेमविषयी बोलत होतो. ती शाळेत शिकवायला निघून गेली. डबा न्यायला विसरली, की विसरली नाही.

लग्न ठरलं आहे. मला तोंड दाखवायची लाज वाटते. जयलक्ष्मीने विचारलं, आनंद नाही का झाला. म्हटलं, डोकं दुखतंय. डोकं दुखत नव्हतं.

संध्या. ५.४५

गेम डिलीट करायला फोन उघडला. बरोबर पाचला S7 चं बोलावणं. माइक बंद करून आत गेलो. समोरचा खेळाडू हात खाली सोडून उभा. मी लाथ घातली नाही.

मग आवाज आला. तीन आठवड्यांत S7 माझ्याशी पहिल्यांदा बोलत होती, अगदी शांतपणे.

"माइक उघडा. मुलीविषयीं एक तरी बरं सांगा. मग खेळूं."

माइक चालू केला. म्हटलं, हे तर सोपं. रसम आठवलं, पण ते आधीच सांगितलं होतं, आणि कसं सांगितलं होतं ते दोघांनाही माहीत होतं. ती शाळेत कुठल्या वर्गाला शिकवते ते आठवून पाहिलं. प्रणवेशचं तिला काय आवडलं ते आठवून पाहिलं. मी विचारलंच नव्हतं.

पलीकडे त्या थांबून होत्या. साडेपाचला तार वाजली, क्लासची वेळ झाली, त्या गेल्या. तोवर मला काही सुचलं नव्हतं.