पहिली ओळ सोडा

सोमवार, ७ एप्रिल

साइटवर पान टाकलं एकदाचं! "सीएसव्ही फाइल वाचायच्या पद्धती". अख्खं मराठीत, उदाहरणांसकट.

अम्मी विचारते, "दिनभर क्या लिखती गे तू?" म्हटलं, आमची कंपनी लोकांना तयार कोड देते, तो वापरायचा कसा ते मी लिहिते. स्वल्पविराम टाकून भरलेली यादी संगणकानं कशी वाचायची, ते. म्हणाली, "बस्स, इत्ताच?" हो बाई, इतकंच.

मालक धैर्यशील सरांनी पान वाचून नुसतं "हं" केलं. हं म्हणजे काय? शुक्रवारी पर्मनंटची पत्रं निघणार. तासगाव-सांगली एसटीत बसले की दिवस मोजते हल्ली.

मंगळवार, ८ एप्रिल

जतहून क्रांतीताईंचा मेसेज! तिथल्या एका संस्थेत त्या पाण्याच्या टँकरच्या फेऱ्या लावतात. "तुझं उदाहरण जसंच्या तसं उचललं. पयल्या दणक्यात चाललं बघ! आता ड्रायव्हरला वाड्यांची यादी आपोआप जाती." ऑफिसभर दाखवत फिरले. शेजारच्या टेबलावरचा विश्वजीत म्हणाला, "पार्टी लागू झाली."

बुधवार, ९ एप्रिल

जीव गेला आज.

उदाहरणात मी लिहिलंय – पहिली ओळ सोडा. का, तर माझ्यासमोर आलेल्या प्रत्येक यादीत पहिल्या ओळीवर 'श्री' होतं. अब्बांच्या बेदाण्याच्या यादीवर ७८६. इथं कोरी यादी सुरू करतंय कोण! सोडायचीच ओळ ती, असं धरून चालले. आज सहज एक बिनश्रीची यादी टाकून बघितली. पहिला माणूस गायब! चूक दाखवली नाही, काही नाही. गुपचूप गिळला.

क्रांतीताईंच्या यादीत वर काय असेल?

फोन लावला. रेंज नाही. परत लावला. नाही. सरांना आत्ता सांगू? परवा पत्रं आहेत. शनिवारी सांगितलं तर? अर्फा, लाज वाटू दे. तिकडं पाण्याचा प्रश्न आहे, बेदाण्याचा नाही!

गुरुवार, १० एप्रिल

फोन लागला. "वर? वर काय बी न्हाई. सरळ वाड्याच हायत. पयली मेंढपाळांची, लय आडबाजूला." मग त्यांच्याच लक्षात आलं. "अगं बाई... तिथं टँकर गेलाच नसंल की!"

गेला नव्हताच. आणि वाडीवरचं कुणी तक्रारसुद्धा केली नाही! मागं ड्रायव्हरशी त्यांची वादावादी झालेली. टँकरवाले त्याचाच राग काढतायत असं धरून बसली माणसं. विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी गाळून प्यायली. संध्याकाळी टँकर पोचल्याचा फोन आला, तेव्हा कुठं चहा घेतला.

पान दुरुस्त केलं. सरांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी दुरुस्त पान उघडून वाचलं. मग "बरं." त्यापेक्षा सोमवारचं "हं" परवडलं.

शुक्रवार, ११ एप्रिल

पत्रं आली मेलवर. विश्वजीतला आलं. समोरच्या टेबलावरच्या संयोगितालाही आलं.

मला नाही.

विश्वजीतनं भडंग वाटलं. माझं तसंच कागदात बांधून ठेवलं. दहादा मेल उघडून बघितला. सरांना विचारायचं काय? कारण मला माहीतच आहे. संयोगिता जवळ आली तर डोळ्यांत कचरा गेलाय म्हणाले.

रविवार, १३ एप्रिल

अब्बा म्हणतात, "कायकू मुँह फुलाके बैठी?" काही नाही म्हटलं आणि बेदाणा निवडायला बसले. कुणी सांगितलं होतं खरं बोलायला! छे, असं कसं? त्या वाडीचं काय झालं असतं मग? पण सरांचा राग येतोय. लय येतोय. उद्या जयंतीची सुट्टी, म्हणजे आणखी एक दिवस कुढायचं.

मंगळवार, १५ एप्रिल

सरांनीच हाक मारली. "अर्फा, पर्मनंट झालीस तरी तोंड पाडून? पगार कमी वाटला का?"

कुठला पगार! कुठलं पर्मनंट!

पत्रं पाठवायचं काम ऋषिराजकडं, कंपनीतला सगळ्यात जुना माणूस. त्यानं यादी उघडली. अ पासून लावलेली. सगळ्यात वर माझं नाव. त्याच्यावर श्री नाही. आणि पाठवणारा प्रोग्रॅम त्यानं गेल्या मंगळवारीच बसवलेला, माझं जुनं पान बघून!

सगळे पोट धरून हसले. मला हसूच येईना. सर राग काढतायत असं धरून मी गप्प बसले होते – त्या वाडीसारखीच.

ऋषिराज म्हणाला, "लगेच पाठवतो गं तुझं पत्र."

म्हटलं, पत्र राहू दे. आधी बघ, ते जुनं पान आणखी कुणी कुणी उचललंय.